‘तार घातली की मोकळा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दोन वर्षं पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, कसा साफ करायचा, यावरच्या माझ्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात अशी: "काका, पुस्तकं वाचून गाड्या दुरुस्त होत नाहीत. आमच्याकडे मेकॅनिक तांब्याची तार घालून दोन मिनिटांत जेट मोकळा करतात, गाड्या मस्त पळतात. टाकीत क्लीनरची बाटली ओतली तर तेवढंही करावं लागत नाही. टाकीच्या गंजाबद्दल एक शब्द नाही. दीड फेऱ्याचा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही. उगाच लोकांना घाबरवू नका." (जेट म्हणजे कार्बोरेटरमधली बारीक भोकाची पितळी तोटी, जिच्यातून मोजून पेट्रोल जातं.)

सुरुवात ‘काका’पासूनच करतो. नात्यातल्या कोणी म्हटलं तर आनंद आहे. पण वाक्याच्या तोंडी ‘काका’ आणि लगेच पुढे ‘पुस्तकं वाचून’, यातला सूर न कळण्याइतका मी भोळा नाही. 1991 पासून टू-स्ट्रोक गाड्यांचे कार्बोरेटर उघडतोय. पुस्तकं वाचतो, हेही खरं. कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल हे पुस्तकच असतं. ते वाचणं कधीपासून कमीपणाचं झालं?

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो, म्हणजे नंतर कोणी मला एकांगी म्हणायला नको. एअर स्क्रू पूर्ण आत टेकवून दीड फेरा बाहेर घ्या, असं मी लिहिलं होतं. हा दीड फेरा सगळ्या गाड्यांना लागू नाही, बरोबर. आरएक्सच्या कार्बोरेटरला, म्हणजे मिकुनी व्हीएम 20 ला, एअर स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, तो आत घेतला की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, होतं. बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांत तो स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि पेट्रोल-हवेचं मिश्रणच अडवतो, म्हणून तिथे आत घेतला की उलटं, लीन, म्हणजे पेट्रोल कमी, होतं. हा फरक मी लेखात लिहायला हवा होता. खोलण्याआधी स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवायचा, फेरे मोजायचे, कागदावर लिहायचे आणि जोडताना तिथेच आणायचा. दीड हा फक्त सुरुवातीचा आकडा, मूळ जागा हरवलेल्यांसाठी. टेकल्यावर जोर लावू नका, टोकावर खाच पडते आणि मग कुठलाच आकडा उपयोगाचा राहत नाही. झालं? लिहून टाकलं.

आता तार. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे एक वाक्य मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतोय.

तांबं पितळेपेक्षा मऊ आहे, त्यामुळे निव्वळ तांब्याच्या तारेने पितळी जेट सहसा खरवडला जात नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण प्रत्यक्षात घातली जाते ती तांब्याची तारच असते का? क्लच केबलमधला एक धागा, सेफ्टी पिन, इंजेक्शनची सुई, जे हाताशी येईल ते. हे सगळं पोलादी, पितळेपेक्षा कडक. आणि छोटा जेट, म्हणजे पायलट जेट, त्याचं भोक किती असतं? समजा 0.20 मिमी. 0.75 चौरस मिमीच्या साध्या फ्लेक्झिबल वायरीत 24 तारा असतात, त्यातली एक तार बरोबर 0.20 मिमीची. म्हणजे तुमची तांब्याची तार त्या भोकात शिरते तीच अडकत. जोर लावला की वाकते, ओढली की तुटते, आणि तुकडा आत राहतो. मग तो काढायला येतेच सेफ्टी पिन.

पिनेने भोक 0.20 चं 0.22 झालं तर काय मोठं, असं वाटेल. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. 0.22 ला 0.20 ने भागा, वर्ग करा: 1.21. म्हणजे आयडलिंगच्या, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणाऱ्या, पेट्रोलची वाट 21 टक्क्यांनी मोठी. गाडी ‘मस्त पळते’ कारण पाव थ्रॉटलच्या वर मुख्य काम थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या सुईचं आणि मोठ्या, म्हणजे मेन जेटचं असतं. पण सिग्नलला उभी असताना धूर, काळा प्लग, शहरात पडलेलं अ‍ॅव्हरेज, हे सगळं त्या 0.02 मधून येतं. मग तो मेकॅनिक एअर स्क्रू बाहेर घेत घेत तीन फेऱ्यांवर नेतो. तिथे स्प्रिंग ढिली पडते, आणि स्क्रू कुठल्यातरी खड्ड्यात गळून जातो.

आणखी एक, जे तारवाल्यांना कधीच दिसत नाही. या छोट्या जेटला टोकाच्या भोकाशिवाय अंगावर आडवी भोकंही असतात, हवा मिसळायला. पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारा चिकट डिंक, लाखेसारखा, या आडव्या भोकांतही बसतो. तार सरळ जाते, आडवी भोकं तशीच बंद. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते भिंग घ्या, जेट आभाळाकडे धरा. स्वच्छ जेटचं भोक टाचणीच्या टोकाने पाडल्यासारखं, गोल, काठ धारदार. तार फिरवलेल्या जेटच्या काठाला बारीक कुरतडलेली कड दिसते आणि भोक किंचित लांबट. एकदा पाहिलंत की विसरणार नाही.

मग करायचं काय? मी लेखात लिहिलं होतं, पण तुम्ही बहुतेक पहिल्या परिच्छेदातच थांबलात. पुन्हा लिहितो. आधी वाटीचे, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या भांड्याचे, स्क्रू. हे दिसतात स्टार, पण जपानी कार्बोरेटरवरचे बहुतेक जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेटला खाचेइतकंच रुंद सपाट पातं. अरुंद घेतलंत तर पितळ पहिल्याच झटक्याला सोलतं. सगळं रबर बाजूला काढा: ओ-रिंग, वाटीचं पॅकिंग. फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग, आणि फ्लोटची सुईही काढा. मग जेट कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर. झाकणाच्या बाटलीत, गच्चीवर किंवा उघड्यावर, स्वयंपाकघरात मुळीच नाही. क्लीनरमध्ये रबर टाकलंत तर सकाळी ते फुगलेलं मिळेल. सकाळी डिंक मऊ झालेला असतो. दात घासायच्या जुन्या ब्रशचा एक केस घ्या, तो नायलॉनचा, पितळेला काही करत नाही. तो फिरवा, पुन्हा स्प्रे मारा, हवा मारा. एवढंही करून आभाळ दिसलं नाही तर नवा जेट, डोक्यावरचा नंबर बघून, तोच. किंमत फार नसते. पितळी जेट वाचवायला गाडीचं ट्युनिंग घालवणं, यात कुठला शहाणपणा?

जेटवर काम संपत नाही. आरएक्सच्या व्हीएममध्ये मोठा जेट काढल्यावर निडल जेट, म्हणजे सुई ज्यात वरखाली होते ती नळी, वर, स्लाइडच्या (थ्रॉटलने उचलल्या जाणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूने निघतो. खालून लाकडी काडीने ढकलायचा, पेचकसाने ठोकायचा नाही. बसवताना त्याची खाच आतल्या पिनेवर आली पाहिजे. बॉडीच्या नळीत, स्लाइडच्या इंजिनकडच्या अंगाला, तळाशी बारीक भोकं दिसतील. आयडलिंगचं पेट्रोल तिथून बाहेर येतं. एअर स्क्रू काढून त्याच्या भोकात स्प्रेची नळी धरा, बाकीच्या वाटा बोटाने बंद करा, आणि फवारा त्या बारीक भोकांतून उडतो का बघा. उडाला तर वाट मोकळी. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण फवारा थेट तोंडावर येतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर पहिला झोत हवेत सोडून द्या, त्यात पाणी असतं. फ्लोट जागेवर ठेवून हवा मारू नका, पिचतो.

जोडताना स्लाइडचा कापलेला भाग फिल्टरच्या बाजूला. उलटी बसली तर पहिल्या किकला गाडी किंचाळत सुटते आणि आयडल स्क्रू फिरवून काही उपयोग होत नाही. हे ‘दोन मिनिटांत’ करणाऱ्यांकडूनच होतं, म्हणून सांगितलं.

बाटलीचं म्हणाल, तर एकच विचारतो: जेट बंद आहे म्हणजे त्यातून पेट्रोल जात नाही, मग पेट्रोलमध्ये मिसळलेलं औषध कुठून जाणार? चालू गाडीला महिन्यातून एकदा ओता, माझी ना नाही.

टाकीच्या गंजाचं मी लिहिलं नाही. तो वेगळा विषय आहे, कॉकची जाळी आणि फ्युएल फिल्टर बघून घ्या, बाकी नंतर केव्हातरी.

राहिलं ‘घाबरवणं’. साहेब, टू-स्ट्रोकमध्ये मोठा जेट अर्धवट बंद असताना हायवेला पूर्ण थ्रॉटल दिला तर मिश्रण लीन होतं, पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मागचं चाक अचानक लॉक होतं. हे सांगणं म्हणजे घाबरवणं असेल तर हो, मी घाबरवतो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत. ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि वाटीच्या तळाशी बसतं. बॉडीवर पांढरी भुकटी आणि पितळेवर हिरवट थर दिसला तर समजायचं, पाणी आलं होतं. शेवटची आरएक्स 100 बनली 1996 साली, तिचं रबर असल्या पेट्रोलसाठी बनलेलंच नाही. म्हणून गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी करायची असेल तर कॉक बंद करा आणि वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून ती रिकामी करा. दोन मिनिटांचं खरं काम हे आहे.

तरीही तार घालायचीच असेल तर घाला, गाडी तुमची. फक्त एक करा. तुमच्या ‘मस्त पळणाऱ्या’ गाडीचा छोटा जेट काढा, भिंगातून फोटो घ्या, नंबर दिसेल असा, आणि इथे खाली टाका. भोक गोल आहे की लांबट, ते सगळे मिळून बघू.