घोट्याला वजनं बांधून पाय वेगवान होत नाहीत

गेल्या आठवड्यात माझी बारा वर्षांची भाची टेबल टेनिसच्या सरावाहून लंगडत आली. दोन्ही घोट्यांना एकेक किलोचे पट्टे बांधून ती पाऊण तास टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारे फटके, मारत होती. ‘सात दिवसांत विजेसारखं फूटवर्क’ असा एक व्हिडिओ तिच्या सरावाच्या ग्रुपवर फिरतोय, त्याचा हा प्रताप. वर मलाच सांगते, ‘मामा, पट्टे काढले ना की पाय नुसते उडतात!’ मग मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यात पाच दावे आहेत.

पहिला दावा : वजन बांधून खेळा, काढल्यावर वेग दुप्पट होतो.

पट्टे काढल्यावर पाय हलके वाटतात, हे खरं. पण वाटणं वेगळं आणि होणं वेगळं. बेसबॉलमध्ये ही गोष्ट मोजून झालेली आहे. तिथे फलंदाज मैदानात उतरण्याआधी जड केलेली बॅट फिरवतात. जपानमध्ये ओत्सुजी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये याची चाचणी घेतली. जड बॅटनंतर नेहमीची बॅट हातात आली की ती हलकी वाटते, आपण जोरात फिरवतोय असंही खेळाडूंना वाटतं. प्रत्यक्षात लगेचचा फटका मंदावलेला निघाला. तो प्रयोग हातांवरचा होता, मान्य. पण फसगत तीच आहे. भाचीचे ‘उडणारे’ पाय कुणी मोजले होते?

शिवाय वजन कुठे बांधलंय ते बघा. पाय कमरेच्या सांध्यातून झुलतो. एक किलो कमरेला बांधलं तर त्या झुलण्यात फारसा फरक पडत नाही. तेच घोट्याला, म्हणजे पार टोकाला बांधलं, की पाय हलवायला आणि हललेला पाय थांबवायला लागणारा जोर बराच वाढतो. टेबल टेनिसमध्ये थांबणं हे निम्मं काम आहे, आणि प्रत्येक थांबण्याचा मार गुडघा खातो. मांडीच्या स्नायूचा कंडरा गुडघ्याखाली नडगीला जिथे जोडलेला असतो, ती जागा वाढीच्या वयात नाजूक असते. भाचीचं नेमकं तिथेच दुखत होतं. व्हिडिओत वयाबद्दल एक शब्द नाही, याचा मला खरा राग आहे.

यातून टायमिंगही बिघडतं. जड पाय उशिरा पोहोचतो, म्हणून हात उशिरा फिरायला शिकतो. पट्टे निघाल्यावर तो हात तसाच उशिरा फिरत राहतो.

दुसरा दावा : टाच जमिनीला कधीच लागू देऊ नका. अर्धं खरं. वजन चवड्यांवर हवं, गुडघे वाकलेले हवेत. पण सगळा वेळ टाचा उचलून उभं राहिलात तर दुसऱ्या गेममध्येच पोटऱ्या भरून येतील. टाच हलकी असावी, अधांतरी नको.

तिसरा दावा : रोज हजार दोरीच्या उड्या मारा, बाकी काही नको. उड्यांनी पोटऱ्यांना दम येतो, पाय हलके पडायला शिकतात. एवढं मला मान्य. पण दोरीची लय तुमची असते आणि रॅलीची, म्हणजे चेंडूच्या सलग देवाणघेवाणीची, लय समोरच्याची. टेबलाची रुंदी 1.525 मीटर, म्हणजे बहुतेक चेंडू एक-दोन पावलांच्या टप्प्यात येतात. तिथे पहिलं पाऊल केव्हा निघतं यावर सगळं ठरतं. समोरचा चेंडू मारतो त्याच क्षणाच्या आसपास एक बारीक उडी घेऊन दोन्ही पायांवर तयार राहायचं, याला स्प्लिट स्टेप म्हणतात. ती चेंडू बघूनच येते, दोरीवर नाही. शिकायचंच तर फाल्केनबर्ग ड्रिल शिका. डाव्या कोपऱ्यातून बॅकहँड (हाताची पाठ पुढे ठेवून मारलेला फटका), तिथेच चेंडूला वळसा घालून फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारलेला), मग उजव्या कोपऱ्यात जाऊन फोरहँड, आणि पुन्हा पहिल्यापासून. (डावखुऱ्यांनी उलट.) 1971 चा जगज्जेता स्टेलान बेंगट्सन ज्या स्वीडिश क्लबातून आला, त्याच क्लबाचं हे नाव. आधी सावकाश करा. फटका मारून नुसतं बघत उभे राहू नका, लगेच जागेवर या. बहुतेकांचं फूटवर्क इथेच हरवतं.

चौथा दावा, पायांची कात्री, म्हणजे एका पायापुढून दुसरा टाकणं, कधीच नको. चूक. डाव्या कोपऱ्यात वळून फोरहँड मारल्यावर पुढचा चेंडू उजवीकडे लांब आला तर पाय ओलांडल्याशिवाय तो मिळत नाही. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या रियू सेउंग-मिनचा सगळा खेळ असा धावून मारलेल्या फोरहँडवर उभा होता.

पाचवा, पंचविशीनंतर फूटवर्क सुधारत नाही. लक्झेंबर्गची खेळाडू नी शियालियान 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 61 व्या वर्षी खेळली आणि पहिली मॅच जिंकली. ती धावत नाही, टेबलाला चिकटून छोटी पावलं टाकते, आणि चेंडू कुठे येणार ते आधी ओळखते. हे ओळखणं पंचविशीनंतरही शिकता येतं, आणि पाय वेळेवर निघतात ते त्यामुळेच.

ज्यांनी हा व्हिडिओ मुलांच्या ग्रुपवर टाकलाय त्यांनी तो आज काढावा. आणि तुमच्या मुलांचं गुडघ्याखाली दुखत असेल, तर आधी घोट्याचे पट्टे सोडवा आणि डॉक्टरांना दाखवा.