‘त्रासदी’वरून ट्रॅजेडी? आधी नर्मदेला विचारा

काल भाचीने वक्तृत्व स्पर्धेचं भाषण फोनवर म्हणून दाखवलं. दुसऱ्याच वाक्यात अडकलो: ‘ट्रॅजेडी हा शब्द मुळात आपल्या संस्कृत त्रासदीवरून गेला.’ कुठून आणलंस विचारलं, तर आजोबांनी पाठवलेला फॉरवर्ड! महिनाभर तो सगळ्या ग्रुपांवर फिरतोय आणि मी न वाचता वर सरकवत होतो. आता वाचला. भरतमुनींनी ‘त्रासदी’ सांगितली, ग्रीकांनी ती उचलली, युरोपभर तोच एक शब्द चालतो आणि ट्रॅजेडीचा मूळ अर्थ ‘बोकडाचं गाणं’ ही इंग्रजांनी पसरवलेली थाप, असं त्यात आहे.

आधी ही ‘त्रासदी’च बघू. ‘द’ म्हणजे देणारा: सुखद, वरद. त्यांचं स्त्रीलिंग सुखदा, वरदा. नर्मदा, यशोदाही तशाच. नर्मदी, यशोदी कुणी ऐकलीय? मग त्रास देणारी ती त्रासदा व्हायला हवी. ही ‘ई’ आली ट्रॅजेडीच्या शेपटातून. हिंदीत इंग्रजी शब्दाशी कानाला जुळेल असा हा शब्द घडवला, जोडीला कॉमेडीसाठी ‘कामदी’. म्हणजे फॉरवर्डवाल्याने नातवालाच आजोबा ठरवलंय.

बरं, साम्य आहे तेही इंग्रजी उच्चाराशी. मूळ ग्रीक शब्द ‘त्रागोदिया’. त्रागोस म्हणजे बोकड, ओदे म्हणजे गाणं. त्यात ‘ग’ आहे. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येईपर्यंत त्याचा ‘ज’ झाला. जर्मन माणूस आजही ‘ट्रागोडिए’ म्हणतो. यात त्रास शोधून दाखवा.

आणि बोकड इंग्रजांचा? रोमन कवी होरेस इ.स.पू. ८ मध्ये वारला. त्याच्या ‘आर्स पोएतिका’ या काव्यकलेवरच्या कवितेच्या २२०व्या ओळीत ट्रॅजेडीचे कवी एका फालतू बोकडासाठी स्पर्धा करतात. तेव्हा इंग्रजी भाषाच जन्मली नव्हती! बोकड बक्षीस होता, बळी होता, की कोरसवाले त्याचं कातडं पांघरायचे, यावर विद्वान खुशाल भांडोत.

युरोपभर एकच शब्द, हेही अर्धवट. फ्रेंच, इटालियन, रशियन सगळ्यांनी मूळ ग्रीकच घेतला, म्हणून सारखेपणा. पण जर्मनमध्ये शेजारीच ‘ट्राउअरश्पील’ आहे, म्हणजे शोकाचा खेळ. आपल्या शोकांतिकेची बहीण शोभेल ती ही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात दहा रूपकं, म्हणजे नाटकाचे प्रकार आहेत, त्यात त्रासदी नाही. त्यातला उत्सृष्टिकांक हा प्रकार करुणरसाचा असतो, एवढं मान्य.

आणखी एक नाइलाजाने कबूल करतो. आपल्या ‘त्रस्’ धातूला ग्रीकमध्ये खरंच भावंड आहे: ‘त्रेओ’, भीतीने पळणं. लॅटिनमध्ये ‘तेर्रेओ’, घाबरवणं. त्या घराण्यातला इंग्रजी ‘टेरर’. त्रास आणि टेरर भाऊबंद निघतात. फॉरवर्डवाल्याला युरोपात नातेवाईक हवेच होते तर हे होते की!

भाचीने वाक्य बदललंय. बोकड मात्र ठेवलाय, परीक्षक हसतील म्हणून. आजोबांना तीच सांगणार आहे, माझं बाबा ऐकत नाहीत.