शेवटचा काळ आणि जामिनाचा उतारा

"क्यूआर कोड म्हणजेच श्वापदाची खूण," असं बारक्या म्हणाला, तेव्हा मास्तर त्याच कोडवरून सगळ्यांच्या चहाचे पैसे भरत होते. बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या कट्ट्यावर रविवारच्या चर्चमधल्या उपासनेनंतर जो वाद पेटला, त्याची सुरुवात अशी हसण्यातून झाली.

शेवटच्या काळात ही खूण नसेल त्याला काही विकत घेता येणार नाही, असं बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात आहे. बारक्याला हसणं आवडलं नाही. पोरगा तळमळीचा आहे, खरं रोज रात्री मोबाईलवर भविष्यवाणीचे व्हिडिओ बघून त्याची झोप उडालीय. आधी बारकोड, मग आधार, मग कोविडची लस आणि आता क्यूआर कोड. खूण दरवर्षी बदलते, व्हिडिओवाला तोच.

"आपल्याला काय त्याचं?" आण्णा म्हणाले. यांचा छापखाना होता, आता मुलगा बघतो. "शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधीच प्रभू येशू आपल्याला उचलून नेणार की. बायबलात थेस्सलनीकाकरांच्या पत्रात आहे."

"पत्रात उचलून नेणं आहे. 'आधीच' हे कुठाय?" मास्तर म्हणाले. मिशन शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेला माणूस; शिकवायची खोड काही रिटायर झाली नाही. संकटाआधीच सुटका हा सगळा आराखडा डार्बी नावाच्या धर्मोपदेशकानं १८३० च्या सुमारास मांडला, त्याआधी अठराशे वर्षं बहुतेक मंडळ्या, म्हणजे चर्च, संकटातून पार जायचंच धरून चालल्या होत्या, हे त्यांनी ऐकवलं. वर अमेरिकेतल्या मिलर या धर्मोपदेशकाचीही आठवण काढली. २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभू येणार म्हणून त्याच्या माणसांपैकी काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नव्हतं. तेवीस तारीख उजाडली ती उजाडलीच.

"म्हणजे तयारीच करायची नाही?" बारक्या उसळला. "मी तर ठरवलंय. ख्रिस्ती आहेस का म्हणून विचारायला आले की छातीठोक सांगणार. पळणार नाही, लपणार नाही."

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. आता गोष्ट येणार हे आम्ही ओळखलं.

स्मुर्णा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. प्रकटीकरणात ज्या मंडळीला मरेपर्यंत विश्वासू राहायला सांगितलंय, तीच ही. इसवी सन १५५ च्या आसपास तिथं छळ झाला. क्विंटस नावाचा एक जण आपण होऊन अधिकाऱ्यांपुढं गेला, सोबत आणखी काहींना घेऊन गेला. समोर हिंस्र जनावरं दिसली आणि याची गाळण उडाली. शपथ घेतली, मूर्तीपुढं धूप टाकला, मोकळा झाला. त्याच मंडळीचा म्हातारा बिशप पॉलिकार्प मात्र लोकांच्या आग्रहामुळं शहर सोडून एका मळ्यावर जाऊन राहिला होता. शिपाई धरायला आले तेव्हा त्यानं त्यांनाच जेवायला वाढायला सांगितलं आणि प्रार्थनेला तासभर मागून घेतला. प्रार्थना दोन तास चालली. मग तो गेला, ख्रिस्ताला नाकारायला नाही म्हणाला आणि मेला. हे सगळं लिहून ठेवणाऱ्या स्मुर्णेच्या मंडळीनं स्पष्टच लिहिलंय, की आपण होऊन पुढं जाणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही.

"एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, हे खुद्द प्रभूनं सांगितलंय," मास्तर म्हणाले. "तू ते पान उलटून पुढं गेलास वाटतं."

बारक्या गप्प बसला. त्याची बाजू घ्यावी असं मला क्षणभर वाटलंही, कारण त्याच्या वयात छातीठोक नाही बोलायचं तर कधी? पण जो रोजच्या साध्या उपासनेला अर्धा तास उशिरा येतो, त्यानं सिंहापुढं वेळेवर उभं राहण्याची हमी द्यावी हे जरा जास्तच होतं.

तात्या इतका वेळ ऐकत होते. ते आमच्यातले, म्हणजे ख्रिस्ती नव्हेत; महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते. "छळानं माणूस मोडत नाही गा," ते म्हणाले. "बेळगाव महाराष्ट्राबाहेर ठेवलं म्हणून आम्ही १९५६ पासून दर एक नोव्हेंबरला काळा दिन पाळालोय. लाठ्या खाल्ल्या, तुरुंग बघितला, तरी माणसं वाढायची. आता कोण मारत नाही आणि नातवाला मराठी वाचता येत नाही. इंग्लिश मीडियम."

हे मात्र सगळ्यांना लागलं. आमच्याकडं तरी वेगळं काय? १८२० साली लंडन मिशन बेळगावात आलं. १८३१ साली इथं जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ साली इथंच बाप्तिस्मा घेतला, घरच्यांचा आणि जातीचा रोष पत्करून. आज आमच्या पोरांना एक मराठी भजन पुस्तक न उघडता येत नाही. उद्या पुस्तकं काढून घेतली तर गाणार काय, हा प्रश्न क्यूआर कोडपेक्षा जवळचा आहे असं माझं मत.

खरी जुंपली ती मास्तरांच्या पुढच्या गोष्टीवरून. २५० साली रोमन सम्राट डेशियसनं सगळ्यांना देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावला. पपायरसवरचे असे दाखले इजिप्तमध्ये सापडलेत. कित्येकांनी बळी न देताच लाच देऊन दाखला मिळवला. ("कचेरी तेव्हापासून तशीच," तात्या.) छळ ओसरल्यावर ही माणसं परत आली. त्यांना घ्यायचं का?

"नाही!" आण्णा कडाडले. "ज्यांनी घरदार घालवलं, त्यांच्या मांडीला मांडी लावून हे प्रभुभोजन घेणार?"

रोममध्ये नोव्हेशियन नावाचा पाळकही तेव्हा तेच म्हणत होता. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्ताप करू द्या, वेळ लागू द्या, पण दार बंद करू नका. तो स्वतः त्या छळात लपला होता. २५८ साली मात्र तलवारीखाली गेला.

मास्तरांनी मग जपान काढलं. १६१४ ला तिथं ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढं नागासाकीकडच्या लोकांना दरवर्षी येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावायचे. ठेवायचे बिचारे, आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. एक पाळक नाही, छापील पुस्तक नाही. बाप्तिस्मा देणारा एक ठरलेला, सणांच्या तिथ्या सांभाळणारा एक ठरलेला, बाकी सगळं पाठ. १८६५ साली नागासाकीत परदेशी लोकांसाठी चर्च उभं राहिलं, तेव्हा ही माणसं आत आली आणि पाद्र्याला हळूच म्हणाली, आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. अडीचशे वर्षं!

"म्हणजे पाय ठेवणाऱ्यांनीच विश्वास टिकवला," मी म्हणालो.

"आणि ज्यांनी ठेवला नाही, ते मेले म्हणून यांना घरी येऊन रडायचं कळलं," आण्णा म्हणाले. याला उत्तर मास्तरांकडंही नव्हतं. सगळेच माफी गृहीत धरून बसले तर नाही म्हणणार कोण?

बारक्या आता वेगळाच झाला होता. "हे सगळं रोमचं आणि जपानचं. इथलं बोला की."

इथलंही होतंच. २३ डिसेंबर २०२१ ला, नाताळ दोन दिवसांवर असताना, कर्नाटकचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते याच गावात, सुवर्ण विधानसौधमध्ये. २०२२ ला कायदा झाला, गुन्हा अजामीनपात्र. २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं. २०२१ च्या त्या नाताळात घरगुती प्रार्थना किती जणांनी दार लावून केल्या, हे कट्ट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणी बोलत नाही एवढंच.

"समजा उद्या एखाद्याला उचललं," मास्तर म्हणाले. "घरच्यांचा किराणा कोण भरणार? वकील कोण? कोर्टानं जामीन मंजूर केला तर जामीनदाराच्या नावावर घर नाहीतर जमीन लागेल, उतारा जोडावा लागेल. आपल्यात कुणाकडं आहे?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. निम्मे भाड्याच्या घरात, उरलेल्यांची घरं अजून वडिलांच्या नावावर आणि भावाभावांत वाटणीची केस.

"माझ्या नावावर अनगोळात घर आहे," तात्या म्हणाले. "घ्या उतारा."

"खरं तुम्ही आमच्यातले नव्हे की," बारक्या म्हणाला.

"म्हणूनच. तुमच्यातले सगळे आत गेल्यावर बाहेर कोण राहणार?"

आण्णा बराच वेळ विचारात होते. "आणि तो उतारा काढायला कचेरीत चिरीमिरी द्यावी लागली तर?" त्यांनी विचारलं. "ते चालेल?"