थंडीची पुस्तकं आणि तुरीचे सोले

दिवाळी अंक वाचून संपले की दरवर्षी माझ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो. हिवाळ्यात काय वाचायचं? हा प्रश्न आमच्या गावात मोठ्यानं विचारायची सोय नाही. कापूस वेचायचा पडला आहे, हरभऱ्याचं ओलीत आलं आहे, तूर शेंगांनी वाकली आहे, आणि हा शाळामास्तर पारावर बसून 'यंदा काय वाचावं बुवा' म्हणतो आहे, हे ऐकून माणसं आधी माझ्या तब्येतीची आणि मग माझ्या बायकोची चौकशी करतात.

पुण्या-मुंबईकडच्या माझ्या वाचणाऱ्या मित्रांचं हे सगळं कसं बेतशीर असतं. नोव्हेंबर लागला की त्यांचे फोटो यायला लागतात. खिडकी, खिडकीत मांजर, मांजराशेजारी वाफाळता मग आणि मगाला टेकवलेलं पुस्तक. त्यांनी थंडीच्या पुस्तकांचे दोन ढीगही पाडून ठेवले आहेत. एक कोझी आणि दुसरा गॉथिक. कोझीत एका टुमदार गावात खून होतो, पण रक्त फारसं सांडत नाही, सगळे चहा पितात आणि बेकरीवाली बाई खुनी शोधून काढते. गॉथिकमध्ये जुनी हवेली, धुकं, कुलूपबंद खोली, विझू विझू झालेली मेणबत्ती आणि वरच्या मजल्यावर मध्यरात्री हसणारं कोणीतरी. दोन्ही ढीग पांघरुणात शिरून वाचायचे. माझी काही हरकत नाही. हरकत गावाची आहे.

आधी कोझीचं घ्या. मिस मार्पल ही म्हातारी ज्या पहिल्या कादंबरीत आली, ती 1930 सालची. पाद्र्याच्या घरात खून होतो, पोलीस चक्रावतात आणि विणकाम करता करता कुंपणावरून सगळ्यांवर नजर ठेवणारी ही बाई गुंता सोडवते. छान आहे. पण आमच्या गावात हे पुस्तक बाराव्या पानावर संपेल. इथे एखादा पाहुणा एसटीतून उतरतो आणि गल्लीपर्यंत पोचायच्या आत तो कोणाकडे, कोणत्या मुलीसाठी आला आहे आणि त्याला पगार किती, हे सगळ्यांना कळलेलं असतं. उद्या सकाळी कोणाच्या ओसरीवर प्रेत सापडलं, तर दूधवाल्याची पहिली फेरी होईस्तोवर खुनी, कारण आणि त्यानं कोणता वकील केला हे ठरून जाईल. पोलिसांना फक्त चहाला यावं लागेल. मिस मार्पल म्हणाल तर प्रत्येक बोळीत दोन-तीन आहेत. विणत नाहीत, तांदूळ निवडतात, एवढाच काय तो फरक.

शिवाय त्या पुस्तकांतला चहा करतं कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. चहा येतो, केक येतो, चुलीत लाकडं कोणीतरी घालून गेलेलं असतं. मी असलं पुस्तक उघडून गोधडीत शिरलो, की बरोबर तिसऱ्या पानावर आवाज येतो, "अजी, रिकामेच बसले त गाईले कुटार टाका." पुस्तक हातात असलेला माणूस रिकामा असतो, यावर आमच्या घरात एकमत आहे.

म्हणून मी गॉथिककडे वळतो. भीती वाटत असलेल्या माणसाला कोणी कुटार टाकायला सांगणार नाही, असा माझा आपला हिशेब.

या प्रकाराचं मूळपुस्तक म्हणजे होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थाचं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'. साल 1764. पहिल्या आवृत्तीत त्यानं हे आपलं लिखाणच नव्हे, जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर आहे अशी थाप मारली होती. पुस्तक खपलं, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत आपलं नाव कबूल केलं. यात लग्नाच्या दिवशी आकाशातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि नवरदेव त्याखाली चेंगरून मरतो. मी हे शेजारच्या भाऊला सांगितलं. तो काही दचकला नाही. "जेवनावळ झाल्ती का आधी?" एवढंच त्यानं विचारलं.

किल्ला-हवेलीचीही आम्हांला वाण नाही. अमरावती जिल्ह्याच्या या भागात आकाश स्वच्छ असलं की सातपुड्याची रांग दिसते, आणि त्या रांगेत चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. 15 डिसेंबर 1803 रोजी, म्हणजे ऐन थंडीत, आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. असा किल्ला इंग्रजांच्या देशात असता, तर त्याच्यावर चाळीसेक कादंबऱ्या निघाल्या असत्या आणि प्रत्येकीत एक गोरी बाई हातात मेणबत्ती घेऊन जिना चढली असती. आमच्याकडे तिथे सहली जातात, आणि बुरुजावर अमुकचं तमुकवर प्रेम असल्याचं कोरून परत येतात.

गावातली गढी त्याहून जवळची. मातीचे उंच बुरूज, आत वटवाघळं, एक पडकी विहीर आणि धनावर बसलेल्या नागाची गोष्ट. गॉथिकला याहून काय लागतं? पण गढीची पांढरी माती धाब्यावर टाकायला फार चांगली. पाणी धरत नाही. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या लोक पाट्या भरभरून ती नेत आले आहेत, आणि आज निम्म्या गावाच्या डोक्यावर गढीच आहे. भुताचं घर आपणच पांघरून झोपल्यावर त्याला भ्यायचं कसं? गाव हागणदारीमुक्त झाल्याचा फलक लागल्यापासून तर तिकडे पहाटेचीही वर्दळ राहिली नाही. भुतं एकटी पडली असतील.

बरं, पुस्तक मिळणं हे वेगळंच प्रकरण. कुरिअर गावात येत नाही. पार्सल तालुक्याच्या एका कृषी केंद्रात उतरतं आणि बियाण्याच्या थैल्यांमागे पडून राहतं. एकदा मी रहस्यकथा आणायला गेलो, तर केंद्राचे मालक पाकीट माझ्या हातात देत म्हणाले, "सर, डाक्टरवर नजर ठेवजा." खुनी डॉक्टरच निघाला. गावच्या वाचनालयात नारायण धारप आहेत, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आहेत, पण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते हिवाळ्यात लेकीकडे जातात. आणि धारपांच्या बहुतेक पुस्तकांची शेवटची पानं गेलेली. धारपांची भुतं शेवटच्या पानांत शांत होतात. आमच्या गावात त्यांचं एकही भूत अजून शांत झालेलं नाही.

मग मी 'ड्रॅक्युला' काढला. ब्रॅम स्टोकरचं हे पुस्तक 1897 सालचं, एवढं गाजलेलं, म्हटलं यात तरी अंगावर काटा येईल. जोनाथन हार्कर नावाचा तरुण वकील ट्रान्सिल्व्हेनियात जातो, तिथून त्याची रोजनिशी सुरू होते. तारीख पडते 3 मे. आता 3 मेला वऱ्हाडात दुपारी घराबाहेर निघालेल्या माणसाचं रक्त शोषायला वेगळ्या उमरावाची गरज आहे का? पुढे हा हार्कर वाटेत पाप्रिका घातलेली कोंबडी खातो, चव आवडते म्हणून होणाऱ्या बायकोसाठी कृती लिहून घ्यायची असं टिपून ठेवतो, आणि रात्रभर त्याला तहान लागते. लाल मिरचीच्या भुकटीनं! नागपूरला जाऊन सावजी रस्सा ओरपून आलेल्या माणसानं या हार्करची काळजी काय म्हणून करायची? तरी मी नेटानं वाचत होतो. मग कळलं की ड्रॅक्युला लसणाला भितो. मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या आढ्याला लसणाच्या वेण्या लोंबत होत्या, खाली ठेच्यासाठी लसूण सोलणं चाललं होतं आणि वास पार गोठ्यापर्यंत गेला होता. तो आमच्या शिवारातसुद्धा पाय ठेवू शकला नसता.

उरलं 'फ्रँकेन्स्टाइन'. या पुस्तकाची जन्मकथाच थंडीची आहे. 1815 साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आणि वायू वर जाऊन पसरले, आणि 1816 साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी उतरलेली काही मंडळी पावसामुळे घरात अडकून पडली. कवी बायरननं टूम काढली की प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची. तेव्हा अठरा वर्षांची असलेल्या मेरी शेलीनं लिहायला घेतलेली गोष्ट 1818 मध्ये पुस्तक होऊन आली. सुरुवातच उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात. हे मात्र मला पटलं. पण ते वाचायला निवांत वेळ मिळाला तो थेट शेतात, कारण त्या आठवड्यात आमच्या फिडरला थ्री फेजची पाळी रात्रीची होती.

रात्री बाराला लाईन येते. स्टार्टर दाबायचा, पाणी हरभऱ्यात सोडायचं आणि लाईन जाऊ नये म्हणून देवाचं नाव घेत बसायचं. मी आणि शेजारचा भाऊ, मध्ये तुराट्यांची शेकोटी. तुराट्या भस्सकन पेटतात, घटकाभर तोंड भाजतं, आणि मग एकदम विझतात. पाठ सबंध वेळ गारच. पान उलटायचं म्हणजे शालीतून अंगठा बाहेर काढायचा, तो बधिर झाला की परत आत, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बाहेर. दोन अंगठ्यांची अशी पाळी लावून मी कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात वाचत होतो. भाऊ म्हणाला, "मोठ्यानं तरी वाचा, सर. झोप येऊन राह्यली."

मी त्याला सांगू लागलो. मेलेल्या माणसांचे तुकडे गोळा करून फ्रँकेन्स्टाइन नावाच्या विद्यार्थ्यानं बनवलेला तो राक्षस, सगळ्यांनी हाकललेला. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. फटीतून त्यांच्याकडे बघतो. आणि रात्री कोणाला न कळता रानात जाऊन त्यांच्यासाठी सरपण तोडून आणतो, दारासमोरचं बर्फ काढून ठेवतो.

भाऊ ताठ बसला. "रात्री काम करते?"

"हो."

"मजुरी?"

"काही मागत नाही."

"चाय?"

"नाही."

भाऊनं विझत्या शेकोटीत दोन तुराट्या सारल्या. यंदा त्याचा कापूस वेचायला बाया मिळाल्या नव्हत्या, निम्मी बोंडं अजून पऱ्हाटीवर होती. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "अशे दोन-तीन बनवाले काय खर्च येत असन हो, सर?"

तेवढ्यात धुऱ्याकडून खसखस झाली. आम्ही दोघंही उठलो. डुकरं होती की आणखी काही, ते पाहायला कोणी गेलं नाही. डबे वाजवले, ओरडलो, आणि मोटर बंद होईपर्यंत पुस्तक पिशवीच्या बाहेर आलं नाही. गॉथिकवाल्यांच्या लक्षात येत नाही ते हेच. घाबरायलासुद्धा बुडाखाली गादी आणि चारी बाजूंनी भिंत लागते. खरंच काहीतरी खसखसत असताना खोट्या खसखशीला कोण विचारतो?

अखेर पुस्तक निवडलं गेलं ते दुपारच्या उन्हात, आणि मी निवडलं नाही. अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगांचे टोपले आले होते. माय, बायको आणि शेजारच्या मामीजी सोले काढायला बसल्या होत्या. मी खाटेवर 'जेन एअर' घेऊन बसलो. शार्लट ब्राँटेची ही कादंबरी 1847 सालची, मोठा ओसाड वाडा आणि वरून येणारं भेसूर हसू, म्हणजे गॉथिकचा सगळा सरंजाम. माय म्हणाली, "मनातल्या मनात कायले वाचतं? आमालेबी सांग."

मी इंग्रजीतून वाचून वऱ्हाडीतून सांगू लागलो. रॉचेस्टर हे नाव मामीजींच्या तोंडात बसेना, त्यामुळे लवकरच त्याचा 'देशमुख' झाला. तर देशमुखाच्या वाड्यावर पोरीला शिकवायला एक पोरकी मुलगी येते. तिच्यावर देशमुखाचा जीव जडतो. पण वरच्या मजल्यावरून रात्री हसू ऐकू येतं. एका रात्री तर देशमुखाचा पलंगच पेटतो, मुलगी पाणी ओतून त्याला वाचवते. देशमुख सांगतो की हे सगळं शिवणकाम करणाऱ्या एका मोलकरणीचं काम. मी आवाज खाली नेला, जरा थांबलो.

"बायको असन त्याची," मामीजी शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या.

"कोणाची?"

"देशमुखाची. पह्यली. कोंडून ठेवली असन वरतं."

लेखिकेनं जे 26व्या प्रकरणापर्यंत, लग्न भर चर्चमध्ये मोडेपर्यंत झाकून ठेवलं होतं, ते मामीजींनी दोन ओंजळी सोल्यांत उघडं केलं. माझा चेहरा बघून बायकोला कळलं की बरोबर आहे. मग मला त्या शिक्षिकेबद्दल कोणी बोलूच देईना. वरच्या बाईला जेवायला कोण देतं? राखणीला ठेवलेली बाई, मी सांगितलं, पण ती पिते, आणि पिऊन झोपली की ही तिच्या किल्ल्या घेऊन सुटते. "म्हंजे दोष पेनारीचा," बायकोनं निकाल दिला, "आन् नाव हिचं खराब." मायला वेगळीच काळजी. "तिच्या माहेरचं कोनीच नाई आलं का पाह्याले?"

"भाऊ आला होता एकदा."

"मंग?"

"त्याला ती चावली."

तिघींचेही हात थांबले. मला वाटलं, आता लागली भीती.

"चावनच!" माय म्हणाली. "इतल्या वर्सांनी आला त चावन नाई त काय करन?"

मामीजींनी जोरात मान हलवली. त्यांचा भाऊ अकोल्याला असतो. मी ते प्रकरण तिथेच सोडायचं ठरवलं आणि पुस्तक मिटलं.

"मिटवतं कायले?" माय म्हणाली. "आजून दोन टोपले शेंगा हायत."