फिक्सिंगचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागत नाही

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या पंधरवड्यात एक संदेश तीनदा येऊन गेला. एका गुन्हेमालिकेच्या ताज्या भागात गोलंदाजाचा मृतदेह हॉटेलच्या खोलीत सापडतो, डॉक्टर त्याच्या नखाखालचा कण तपासतात आणि भाग संपण्यापूर्वी बुकी व संघाचा पदाधिकारी गजाआड होतात. त्यावरून संदेशकर्त्याचे म्हणणे असे की, फॉरेन्सिक तपास मनापासून केला तर फिक्सिंग एका दिवसात उघड होईल. आपल्याकडे ते होत नाही, कारण कोणाला ते करायचेच नसते.

संदेशातील पहिले विधान आहे, ‘शवविच्छेदन कधी खोटे बोलत नाही.’ १७ मार्च २००७ रोजी विश्वचषकात पाकिस्तानचा संघ आयर्लंडकडून हरला आणि दुसऱ्याच दिवशी त्या संघाचे प्रशिक्षक बॉब वूल्मर जमैकातील किंग्स्टन येथील हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध आढळले. रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आले. शवविच्छेदन करणाऱ्या तज्ज्ञाने गळा दाबल्याचे मत दिले, पोलिसांनी खून झाल्याचे जाहीर केले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी सट्टेबाजांकडे बोट दाखवले. पुढे ब्रिटन, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांनी तेच निष्कर्ष पुन्हा तपासले, तेव्हा गळा दाबल्याचे मत टिकले नाही आणि जूनमध्ये पोलिसांनी मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चौकशीतील ज्यूरीने मात्र मृत्यूचे कारण खुले ठेवले. एकाच मृतदेहाची अशी तीन उत्तरे मिळाली, आणि ती देणाऱ्यांपैकी कोणी खोटे बोलत होते असेही नाही. न्यायवैद्यकातील निष्कर्ष हे तज्ज्ञाचे मत असते, त्यामुळे दुसरा तज्ज्ञ त्याला आव्हान देऊ शकतो. मालिकेतील डॉक्टरला कोणी उलटतपासणीला उभे करत नाही, म्हणून हे आपल्या ध्यानात येत नाही.

दुसरे विधान अधिक दिशाभूल करणारे आहे: ‘फोनवरचे संभाषण हाती लागले की गुन्हा सिद्ध झालाच.’ मे २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनी आयपीएलमधील राजस्थान रॉयल्सचे खेळाडू श्रीशांत, अंकित चव्हाण आणि अजित चंडिला यांना मुंबईत अटक केली, तेव्हा फोनवरील संभाषणेही होती आणि बुकींसाठी कमरेला खोचलेल्या टॉवेलची खूणही सांगितली गेली. मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लावूनही जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने तिघांना आरोपमुक्त केले, कारण संघटित गुन्हेगारीशी त्यांचा संबंध दाखवणारा पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तर सांगितले की, फिक्सिंग ही बेशिस्त आणि अप्रामाणिकपणा असेल, पण कलम ४२० मधील फसवणूक नव्हे, कारण प्रेक्षक तिकीट स्वेच्छेने घेतात. म्हणजे अडचण प्रयोगशाळेत नव्हती, कायद्यात होती. विधी आयोगाने २०१८ मधील २७६ व्या अहवालात फिक्सिंगला स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची शिफारस आधीच केली होती, ती कायद्यातील याच उणिवेमुळे.

याच्याशी इंग्लंड-पाकिस्तान यांचा लॉर्ड्सवरील २०१० चा कसोटी सामना ताडून पाहावा. कोणत्या षटकात नो-बॉल पडेल हे दलालाने एका वृत्तपत्राच्या छुप्या कॅमेऱ्यापुढे आधीच सांगितले होते आणि वृत्तपत्राने दिलेल्या नोटा खेळाडूंच्या खोल्यांत सापडल्या. त्यात सूक्ष्मदर्शकाचे काहीच काम नव्हते. इंग्लंडमध्ये सट्ट्यातील फसवणूक हा कायद्याने गुन्हा असल्याने २०११ मध्ये पाकिस्तानचे तिघे खेळाडू आणि तो दलाल तुरुंगात गेले. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर उद्या कोणी नो-बॉल टाकला, तर पाय रेषेपुढे किती गेला हे कॅमेरा सेंटिमीटरमध्ये सांगेल. तो मुद्दाम गेला का, हे त्या चित्रात कोठेच दिसणार नाही.

‘एका दिवसात’ या दाव्यावर फार लिहिण्यासारखे नाही. ठाण्याहून कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नमुना तासा-दोन तासांत पोचतो, पण तेथे तो रांगेत लागतो आणि व्हिसेराच्या, म्हणजे शवातून काढलेल्या अवयवांच्या नमुन्यांच्या, अहवालाला आठवडे, कधी महिने जातात.

संदेशाच्या शेवटी ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाने २०१८ मध्ये उघड केलेल्या सट्ट्याच्या जाळ्याचा दाखला देऊन ‘तेव्हाही सगळे दडपले’ असे म्हटले आहे. त्या तपासात एका चित्रपट अभिनेत्याचाही जबाब नोंदवला गेला होता, तेव्हा दडपले हे म्हणणे कसे टिकेल? शिवाय सामन्यावर पैसे लावणे वेगळे आणि सामना आधीच ठरवणे वेगळे. पहिले सिद्ध झाल्याने दुसरे सिद्ध होत नाही. मालिकेत बुकीने नाव घेताच पदाधिकारी कबुली देऊन मोकळा होतो, त्यामुळे ते वेगळे सिद्ध करण्याची वेळ तिच्या लेखकांवर आलीच नाही.