तुमचे नेटिव्ह कुठले?

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आठवडाभर जो वाद धुमसतो आहे, त्याला निमित्त झाला पुतणीचा लग्नाचा बायोडेटा. त्यात ‘नेटिव्ह प्लेस : शहापूर, बेळगाव’ अशी एक ओळ होती. पुण्यातील एका नातलगाने तिच्याखाली लाल रेघ ओढली आणि कळवले, की हे इंग्रजीच नव्हे, साहेब असे कधी बोलत नाही, ‘होमटाउन’ लिहा, नाहीतर मुलाकडचे हसतील. दुसऱ्याने ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’ हा नेहमीचा निखारा फुंकून घेतला. त्यात मी पडत नाही. मला झोंबला तो साहेबाचा हवाला. साहेबाच्या भाषेवर मी इथे कॅनडातल्या किचनरमध्ये सतरा वर्षे पोट भरतो आहे आणि ती मला पुण्याहून शिकवली जाते आहे!

साहेबाने हा शब्द वापरला नाही असे कोण म्हणेल? त्याच्या फौजेत ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ होती आणि संस्थानांना तो ‘नेटिव्ह स्टेट’ म्हणत असे. आमचे शहापूरच सांगली संस्थानात होते. पलीकडचे बेळगाव इंग्रजांचे. माझे विणकर पणजोबा मागावर बसल्या जागी नेटिव्ह होते, आणि त्या शब्दात तुच्छता होती, हेही खरे. त्याच शहापुरात घर न हलवता आमचे कुटुंब पुढे मुंबई राज्यात, १९५६ साली म्हैसूर राज्यात आणि १९७३ साली कर्नाटकात गेले. एवढ्या उलथापालथीत टिकले ते फक्त नेटिव्ह.

या शब्दाचे लॅटिन मूळ जन्माशी जोडलेले आहे. आपण मात्र तो जन्मापासून सोडवून घेतला. मुंबईत जन्मलेला, मुंबईतच वाढलेला मुलगा ‘आमचे नेटिव्ह खानापूर’ असे बिनदिक्कत सांगतो आणि कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही, कारण विचारणाऱ्याला प्रसूतिगृहाचा पत्ता नको असतो; त्याला हवे असते देवघर, यात्रेचे गाव, शेतातला वाटा. ‘होमटाउन’ म्हणजे माणूस जिथे वाढला ते गाव. त्यात हे काहीच मावत नाही. माझ्या आजीला एकदा दवाखान्यात नर्सने नेटिव्ह विचारले, तेव्हा निपाणीत जन्मलेल्या आणि साठ वर्षे शहापुरात काढलेल्या आजीने तिलाच उलट विचारले, “म्हायेरचं सांगू, की ह्यांचं?” नर्सने निमूटपणे दोन्ही गावे लिहून घेतली. कोणत्या कोशात हा अर्थ सापडेल?

इथे मात्र मी तोंडघशी पडलो आहे. नवा असताना जेवणाच्या सुट्टीत मी सहज म्हणालो, की पुढच्या महिन्यात नेटिव्हला जातो आहे. टेबलावर क्षणभर शांतता पसरली. आमची प्रत्येक सभा ग्रँड नदीकाठच्या, १७८४ साली सिक्स नेशन्स या इथल्या मूळ जमातींच्या संघाला दिलेल्या जमिनीचा उल्लेख करून सुरू होते. त्या लोकांसाठी पूर्वी ‘नेटिव्ह’ म्हणत, आता ‘इंडिजिनस’ म्हणतात. “बाबा, तो शब्द आपला नाही,” असे इथेच जन्मलेल्या माझ्या मुलीने नंतर मला समजावले. शब्दालाही मालक असतो हे या लोकांना कळते, आपल्याकडे ते भान नाही, असे मी गटावर ऐटीत लिहिले. किचनरचे नाव १९१६ पर्यंत बर्लिन होते, तरी आज त्यावरून कोणी भांडत नाही आणि ऑक्टोबरफेस्टला सगळे मिळून बिअर पितात, हेही सुनावले. महायुद्धाच्या दहशतीत तेव्हाच्या जर्मन कुटुंबांचे काय झाले, हे मात्र लिहिले नाही. ते माझ्या सोयीचे नव्हते.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही. कामावर फोनवर बोलताना अधूनमधून एखादा ग्राहक अगदी सौजन्याने म्हणतो, की मला ‘नेटिव्ह स्पीकर’शी बोलायचे आहे. पणजोबा नेटिव्ह होते म्हणून खालचे ठरले, मी नेटिव्ह नाही म्हणून बाहेरचा ठरतो. एकाच शब्दाने एका घराला दोन्ही बाजूंनी मारावे, याला काय म्हणावे?

गेल्या वर्षी बेंगळूरूच्या विमानतळावरून निघालो, तेव्हा टॅक्सीवाल्याने आरशात बघत विचारले, “निम्म नेटिव्ह यावुदु, सर?” मी बेळगावी म्हणालो. होय, ‘बेळगावी’च म्हणालो. तो गदगचा निघाला. “हौदा? नम्म कडेयवरु!” म्हणजे आमच्याकडचेच की! पुढचा तासभर आम्ही माझ्या मोडक्या कन्नडमध्ये कुंद्यापासून पावसापर्यंत बोलत राहिलो. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेऱ्यांत लहानपणी वडिलांचे बोट धरून चाललेल्या मला इतके आपलेसे त्या वर्षात दुसऱ्या कोणी म्हटले नव्हते. हे मी गटावर कधीच सांगणार नाही.

पुतणीला मात्र मी वेगळा निरोप धाडला, की ती ओळ अजिबात बदलू नकोस. शहापूरचे घर आम्ही भावांनी दोन वर्षांपूर्वी विकले, हे तिला ठाऊक आहे. तिचे एका ओळीचे उत्तर आले: “बरं काका, पण त्यांनी बघायला येतो म्हटलं, तर पत्ता कुठला देऊ?”