धक्क्यावर टाकलेला तंगूस

परत तेच! गळ टाकायला धक्क्यावर गेलो, तर कठड्याला कुणाचा तरी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंतवळासारखा लोंबतोय, टोकाला गंजलेला गळ तसाच. खांबांवरच्या कालवांत तंगूस अडकतो, तोडावा लागतो, मान्य. नवख्यांचाच काय, मुरलेल्यांचाही अडकतो. पण उरलेला गुंडाळून खिशात घालायला काय जातं? नायलॉन कुजत नाही हो, वर्षानुवर्षं तसाच राहतो! मागच्या आठवड्यात एका कुरव पक्ष्याच्या पायाला असाच वेढा बसला होता, पाय सुजून काळानिळा. कात्रीनं एकेक फेरा कापत होतो, तेव्हा त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. शिकणाऱ्याला भरती-ओहोटी, गळ बुडवायचं शिसं, आमिष सगळं सांगतात, उरलेला तंगूस परत न्यायचा हे मात्र पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. नुसता संताप होतो!